एकच दगड, पुन्हा पुन्हा

कुठलीही वस्तू हातात आली की तिचं मागचं झाकण उघडून बघितल्याशिवाय टिकटिकरावांना चैन पडत नसे. घड्याळं दुरुस्त करायचा धंदा असल्यामुळे ही खोड खपून जायची. पण एकदा त्यांनी शेजाऱ्यांची धडधाकट इस्त्री नुसती "आत काय आहे बघू" म्हणून उघडली, तेव्हापासून शेजारी इस्त्री कुलपात ठेवू लागले.

टिकटिकराव हे नाव गल्लीनं ठेवलेलं. पुढे दुकान, मागे घर आणि घराच्या पाठीला लागून टेकडी. टेकडीकडच्या खोलीत त्यांची थोरली बहीण राहायची. ताईनं जन्मभर इस्पितळात नर्सचं काम केलं, निवृत्त झाल्यावर भावाकडे आली आणि घरातली सगळ्यात उजेडाची खोली तिनं पटकावली. खिडकीशी बसून वाचत राहायचं, यापलीकडे तिला काही नको होतं.

एका दुपारी टेकडीवरून एक दगड गडगडत आला आणि त्या खिडकीसमोर, अंगणापलीकडच्या गटाराकाठची पाण्याची टाकी फोडून थांबला. टिकटिकरावांचं धाबं दणाणलं.

"ताई, तू आजपासून पुढे दुकानात झोप."

"त्या टिकटिकीत? टाकी फुटली, मी नाही फुटले. पुढचा दगड माझ्या खोलीत येणार असं दाखव, मग हलते."

आता हे दाखवायचं कसं? टिकटिकराव येईल त्या गिऱ्हाइकाला विचारू लागले. बहुतेकांनी भिंत बांधायचा सल्ला दिला. भूगर्भ खात्यातल्या एक बाई मात्र घड्याळाचा पट्टा बदलून घेता घेता म्हणाल्या, "दगड कसे गडगडतील ते कॉम्प्युटरवर करून बघता येतं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. शिवाय त्याचा कोड खुला असतो, कुणीही उघडून बघावा."

'फुकट' कानावरून गेलं. 'उघडून बघावा' मात्र थेट डोक्यात शिरलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. पण सुरू होईल तर शपथ! पडद्यावर लाल अक्षरं यायची, अमुक फाइल सापडत नाही. ती आणावी तर तिला तमुक हवी. एका पाहुण्याला बोलवावं आणि त्यानं सगळं खटलं घेऊन यावं, तसला प्रकार. दुसरा कुणी वैतागला असता, हे मात्र मजेत होते. गाडी एकदाची सुरू झाल्यावर ते दोरी आणि पाणसळ घेऊन टेकडी चढले, उतार मोजला, गवत कुठे आणि कातळ कुठे ते पाहून आले आणि सगळं कॉम्प्युटरला सांगितलं.

पडद्यावरचा दगड सुटला, दोनदा उसळला, गवतात अडखळला आणि गटारापाशी थांबला. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा गटारापाशीच. आणखी कितीदा तरी सोडला. बोटभरही फरक नाही. घड्याळजीला याहून मोठी खात्री कुठली? जे दर वेळी तेच सांगतं ते बरोबर, याच हिशोबावर त्यांचं दुकान चाललं होतं.

"ताई, झोप निवांत. दगड खोलीपर्यंत येतच नाही."

"मी म्हणत नव्हते?" ताई म्हणाली, आणि खिडकीला नवे पडदे शिवायला बसली.

पण टिकटिकरावांना चैन पडेना. एकाच दिवशी एकाच कंपनीची दोन घड्याळं घेतली तरी ती सारखी चालत नाहीत, मग दगड इतका शिस्तीचा कसा? त्यांनी कोड उघडला. इंग्रजी अडखळत वाचायचं, डिक्शनरी उघडायची, पुन्हा वाचायचं. वरच्याच एका ओळीत एक आकडा दिसला. दगड कुठे आपटेल, किती उसळेल हे ठरवायला कॉम्प्युटर जे फासे टाकायचा, ते त्या आकड्यावरून टाकत होता. आकडा तोच तर दानही तेच. शिकाऊ माणसांची उत्तरं एकमेकांशी जुळावीत म्हणून तो तसा ठेवला होता, पुढे बदलावा, असं शेजारी लिहिलेलंही होतं. म्हणजे इतके दिवस आपण एकच दगड पुन्हा पुन्हा सोडत होतो!

आधी ते स्वतःशीच हसले. मग आकडा मोकळा सोडून त्यांनी हजार दगड सोडले, आणि हसू मावळलं. बहुतेक गटारापाशी थांबले, काही अंगणात आले, आणि थोडे, अगदी थोडे, ताईच्या खोलीत शिरले. टिकटिकराव मनापासून घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पितानाच त्यांनी ताईला सगळं सांगून टाकलं.

"मला सोडू दे," ताई म्हणाली.

ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि एकेक दगड सोडू लागली. एक गटारात. एक झुडपात. एक तर वाटेतच रुसून बसला. ताईला गंमत वाटायला लागली. "बघ, हाही थांबला! उगाच घाबरवतोस," असं म्हणत ती बटण दाबत राहिली. मग एक दगड कातळावर आपटला, उंच उडाला आणि सरळ तिच्या खिडकीतून आत गेला.

ताईनं बटणावरचं बोट काढलं.

टिकटिकरावांना तिचा चेहरा बघवेना. इतक्या हौसेनं घेतलेली खोली. ते घाईघाईनं म्हणाले, "ताई, हजारात थोडेच गं असे. उरलेले सगळे बाहेरच थांबतात."

"आमच्या वॉर्डातही थोडेच जायचे रे," ताई म्हणाली. "डॉक्टर असंच सांगायचे, हजारात थोडेच. पण त्या थोड्यांना नावं असायची. त्यांच्या घरच्यांना बाहेर जाऊन मी सांगायचे."

ती उठली आणि खोलीकडे चालू लागली.

"ये, पलंगाचं एक टोक धर. आणि ती तुझी टिकटिक जरा भिंतीकडे सरकव."