मनोरमाकाकूंचं लाल ठिपक्यांचं कॅलेंडर

नवघरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरी दर दोन वर्षांनी बदलतो. सत्ता मात्र एकवीस वर्षं एकाच घरात आहे. तिसरा मजला, ३०२, मनोरमाकाकू. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराआड एक कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर लाल पेनाचे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी फ्लॅटचा नंबर. कुठल्या बाईची पाळी कधी आली आणि किती दिवस चालली, सगळं तिथे हजर. हे राष्ट्रकार्य कशासाठी? तर बिल्डिंगच्या गणपतीला, सत्यनारायणाला नैवेद्य करायला कोण ‘चालेल’ आणि कोण नाही, हे ठरवायला.

लोक फोनवर ‘कशी आहेस’ विचारतात, काकू ‘कितवा दिवस गं?’ विचारायच्या. उत्तरावर निकाल लगेच. सणाच्या तोंडावर एखादीची तारीख आडवी आली, तर पुढे ढकलायची गोळी कुठली हेही त्याच सांगायच्या. डिग्री नव्हती, पण आत्मविश्वास एमडीचा.

मी रसिका, ४०४. माझ्या नंबराचे ठिपके मुंग्यांच्या रांगेसारखे, दर महिन्याला दहा-अकरा. त्यामुळे काकूंनी माझं नाव ‘सुट्टीवाली’ ठेवलं होतं. “मोदक वळायचा कंटाळा, दुसरं काय!” हे त्या सगळ्यांसमोर बोलायच्या आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, कारण माझ्या आईचंही असंच होतं आणि मला वाटायचं, बायकांचं असंच असतं. ऑफिसात दर तासाला बाथरूम गाठायचे, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हटलं, वय झालं. चाळिशी गाठायला तेव्हा दोन वर्षं होती.

काकूंचा स्वतःचा ठिपका बावन्नाव्या वर्षी थांबला. “सुटले एकदाची!” त्यांनी अशा थाटात जाहीर केलं, जणू प्रमोशनच मिळालं. तेव्हापासून बारा महिने तेरा काळ नैवेद्य त्यांच्याच हातचा. बाकीच्या येऊन-जाऊन, त्या कायम.

आणि सहा वर्षांनी, या मे महिन्यात, कॅलेंडरवर ३०२ चा ठिपका उगवला.

काकूंचं एक मानलं पाहिजे, त्यांनी लपवलं नाही. इतरांना लावलेला नियम स्वतःला लावून त्या बाजूला बसल्या. बिल्डिंगमध्ये आनंदाला उधाण. “काकू, तुम्ही तर परत तरुण झालात!” काशीनाथकाका, म्हणजे त्यांचे यजमान, उगाचच केस काळे करून आले. निदानही चटकन झालं: उष्णता. मग सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी. काकूंनी चार दिवस मोजले, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बाराव्या दिवशी परत तेच. मग त्यानंतर नवव्या दिवशी. रक्ताला नियम कुणी समजावून सांगितले नव्हते ना!

जून उजाडला. उत्तनहून ॲलिस सुके बोंबील घेऊन आली. ती वीस वर्षं आमच्या बिल्डिंगला येतेय. काकू दाराबाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या. बोंबील निवडायला त्यांनी मला बोलावलं होतं.

“अशी बाजूला का बसलंस गो मनूबाय?” ॲलिसने विचारलं.

काकूंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. ॲलिसने हातातला वाटा परत टोपलीत टाकला.

“किती वर्सं बंद व्हती?”

“सहा.”

“मंग ही पाली न्हाय. बंद नल गलाया लागला तं आपून प्लंबर बोलवतो, त्याची पूजा न्हाय करीत. माज्या नणंदेनं आठ म्हयने कुनाला सांगलं न्हाय. आता तिचा फोटू हाय भिंतीवर.”

“शुभ बोल गं बाई,” काकू म्हणाल्या खऱ्या, पण खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. ॲलिस गेल्यावर हळूच म्हणाल्या, “रसिका, उद्या अर्धा दिवस मिळेल का गं तुला? यांना सांगू नकोस.” इतक्या वर्षांत काकूंनी मला हुकूम सोडून काही दिलं नव्हतं. ही पहिली विनंती. त्या घाबरल्या होत्या. मी तिथूनच ऑफिसला रजेचा मेसेज टाकला.

मीरा रोडच्या डॉक्टरीणबाईंनी तारखा विचारल्या. काकूंनी पिशवीतून गुंडाळलेलं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. डॉक्टर बघतच राहिल्या. “पेशंटना मागच्या महिन्याची तारीख आठवत नाही हो! तुम्ही कमाल केलीत.” काकू तशातही फुलल्या. पण लगेच डॉक्टर म्हणाल्या, “पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की नंतर जाणारं रक्त ही पाळी नव्हे. एक थेंब असला तरी तपासायचं. बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण ते तपासल्याशिवाय कळत नाही.” सोनोग्राफी लिहिली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरलं.

कॅलेंडर परत देता देता त्यांचं बोट थांबलं. “हे ४०४ कोण? दर महिन्याला अकरा दिवस? सातच्या वर जातंय, तेही दर वेळी. ही बाई उभी कशी राहते?”

प्रत्येक गोष्टीला उत्तर असणाऱ्या काकूंनी कॅलेंडर गुंडाळायला घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ही काय. इथेच उभी आहे.”

काकूंचा रिपोर्ट आला. कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. जुलैत गर्भाशय काढलं. बाहेर कुठे पसरलं नव्हतं, तेवढ्यावर भागलं. डॉक्टर म्हणाल्या, दिवाळीपर्यंत उष्णतेवर सब्जा पीत बसला असता तर गोष्ट वेगळी होती. माझ्या पोटात फायब्रॉइडच्या गाठी आणि अंगात साडेसात हिमोग्लोबिन निघालं. सुट्टीवाली इतकी वर्षं एवढ्याशा रक्तावर ऑफिस, घर आणि जिने चालवत होती. माझे औषधोपचार सुरू झाले.

गणपती आले आणि नेमकी त्याच सकाळी मला आली. मी शहाण्यासारखी घरी बसले. साडेनऊला फोन.

“कितवा दिवस गं?”

“पहिला.”

“मग ये खाली. मोदकांच्या कळ्या पाडायला हात कमी पडतायत.”

“काकू, पण मी चालेन?”

“तुला झेपेल का ते बोल. देवाचं मी बघते.”

खाली गेले, तर बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काकू पोटाला पट्टा बांधून खुर्चीत, मांडीवर कॅलेंडर. त्यांनी ४०४ चा ठिपका टाकला, तिथून बोटाने सात घरं मोजली आणि पुढच्या तारखेभोवती गोल काढला.

“इथपर्यंत थांबलं नाही, तर सकाळी नऊला तयार राहायचं. मी येते बरोबर.”

मी तळहातावर उकड घेऊन बसले होते, डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

“सुट्टीवाले,” काकू म्हणाल्या, “पारी फाटतेय.”