मोहखेडीचं चाडं

सिल्वासाजवळच्या नरोलीत, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत तानूबाईची खाणावळ आहे. शेवभाजी, भरीत, ज्वारीची भाकरी, आणि यूपी-बिहारकडच्या पोरांसाठी डाळभात. आठवड्यातून एक दिवस ती बंद असते, आणि त्या दिवशी तानूबाई कुठे असते हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. एखादा नवा पोरगा बंद दारापुढे डबा घेऊन उभा राहिला, की शेजारचा पानवाला त्याला सांगतो, "मौसी म्युझियम गयी है." पोरगा आधी हसतो. पानवाला हसत नाही हे पाहिलं की गप्प होतो.

तानूबाई साठी ओलांडलेली. नवऱ्याला, झिपरूला, इथे सुताच्या कारखान्यात काम लागलं तेव्हा ती नंदुरबारकडून त्याच्यामागे आली आणि इथलीच झाली. झिपरू गेला, मुलगा सुकदेव प्लास्टिकच्या कंपनीत लागला, सून आली. सुनेचं नाव कावेरी. खाणावळीचा अर्धा भार तीच उचलते आणि भाजीवालीशी गुजरातीत अशी घासाघीस करते की तानूबाई कौतुकाने ऐकत राहते.

म्युझियमचं वेड लागलं ते शहाद्याहून आलेल्या पाहुण्यांमुळे. पाहुण्यांना सिल्वासा दाखवायचं म्हणून बागेत नेलं, आणि ऊन फार झालं म्हणून सगळे तिथल्या आदिवासी संग्रहालयात शिरले. तोवर तानूबाईची समजूत अशी, की म्युझियम म्हणजे राजेलोकांच्या तलवारी आणि राण्यांचे शालू. इथे पाहते तो मासे धरायच्या टोपल्या, मुखवटे, वाद्यं आणि खोपटात कामाला लागलेली माणसाएवढी बाहुली. पाहुणे एका फेरीत बाहेर पडले. तानूबाई टोपलीपुढे उभीच.

"आत्याबाई, चला ना, पाहुणे खोळंबले," कावेरी म्हणाली.

"थांब व माय. अशी टोपली माझी आजी विणायची. आन हे बघ, काचेत ठेवली. आपल्यासारख्यांची वस्तू बी काचेत ठेवतात, मले कोणी सांगलंच नाही इतकी वर्षं."

तेव्हापासून सुट्टीचा दिवस ठरून गेला. धरमपूरचं संग्रहालय झालं. मग डोंगरपट्ट्यातल्या लहानसहान गावांत शाळेच्या, वाचनालयाच्या, देवळाच्या एखाद्या खोलीत कोणी हौसेने मांडलेली संग्रहालयं झाली. कुठे कुलूप असायचं. तानूबाई किल्लीवाल्याचं घर विचारत जायची, त्याच्या बायकोशी गप्पा मारायची आणि किल्ली घेऊनच यायची. कुठे रखवालदार म्हणायचा, "मावशी, काही नाही बघण्यासारखं." ती म्हणायची, "ते मी बघून सांगते." आधी बघायचं, मग जेवायचं, हा तिचा नियम. कावेरी सुरुवातीला सासूला एकटं कसं सोडायचं म्हणून जायची. पुढे तिलाही गोडी लागली. ती फोटो काढायची आणि रात्री सुकदेवला दाखवायची.

एकदा सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनच्या गाडीने दोघी गुजरात-महाराष्ट्र सीमेवरच्या एका तालुक्याच्या गावी गेल्या. तिथे जयवंत मास्तर नावाच्या निवृत्त शिक्षकांनी वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत संग्रहालय मांडलं होतं. पहिल्या खोलीत शेतीची अवजारं, पाटे-वरवंटे, बैलांची घुंगरं. दुसरी खोली वेगळी होती. तापीवरच्या उकाई धरणात जी गावं बुडाली, त्यांतली उरलीसुरली एकेक वस्तू तिथे होती. प्रत्येक वस्तूखाली सुवाच्य अक्षरात गावाचं नाव. एक चौकट, एक घंटा, एका गावच्या देवीचा पितळी टाक.

तानूबाईला फार वाचता येत नाही, पण गावांची नावं तिने एकेक अक्षर लावत वाचली. शेवटच्या वस्तूपर्यंत गेली. मग परत पहिलीपासून.

"काय शोधताय आजी?" मास्तरांनी विचारलं.

"मोहखेडी."

मास्तर जवळ आले. "तुमचं माहेर?"

"हां. पाण्यात गेलं तेव्हा मी परकर घालत होते. नदीच्या वळणावर होतं. बाकी सारी गावं आहेत तुमच्याकडं, तेच नाही."

"नाव ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "पण तिथली वस्तू काही मिळाली नाही. गावातले लोक चहूकडे पांगले. वस्तूच नाही, तर पाटी कुठे लावू?"

दुसरी एखादी हळहळली असती आणि डोळे पुसत बाहेर पडली असती. तानूबाईने पदर खोचला.

"म्हणजे वस्तू दिली, तर पाटी लागेल?"

"का नाही लागणार? मी स्वतः लिहीन."

"मग जागा ठेवा," ती म्हणाली आणि देवीच्या टाकाशेजारची मोकळी फळी बोटाने दाखवून ठेवली.

बाहेर आल्यावर कावेरीने विचारलं, "आत्याबाई, आपल्याकडे आहे काय मोहखेडीचं?"

"आपल्याकडं नाही. चिंधादादाकडं आहे."

चिंधादादा तिचा थोरला भाऊ. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीवर, त्या तालुक्याच्या गावापासून जवळच राहतो. गाव सोडलं त्या दिवशी बापाने गाडीत भांडी, धान्य आणि तिफण भरली होती. तिफण पुढे मोडली. तिचं चाडं तेवढं राहिलं. चाडं म्हणजे पेरताना बी सोडायचा लाकडी वाडगा, खाली नळ्यांसाठी भोकं असलेला. आता पेरणी ट्रॅक्टरने होते, तरी दर वर्षी मृगाला चिंधादादा चाड्याला हळद-कुंकू लावतो, त्यात मूठभर ज्वारी ठेवतो आणि मगच ट्रॅक्टरवाल्याला हाक मारतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तानूबाई कावेरीला घेऊन माहेरी गेली. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. तिनेही झोका घेतला, पुरणपोळी खाल्ली, आणि दुपारी भाऊ खाटेवर आडवा झाला तेव्हा विषय काढला. चिंधादादा ताडकन उठून बसला.

"अजायबखान्यात? आपलं चाडं? तानी, तुझं डोकं फिरलं का? मेलेल्या माणसांच्या वस्तू ठेवतात तिथं! आपण मेलो का?"

"आपण नाही मेलो. गाव मेलं," तानूबाई म्हणाली. "आन त्याचं नाव कुठं उरलं, सांग बरं. तुझ्या आधारकार्डावर नाही, माझ्यावर नाही. तू आन मी गेलो, की मोहखेडी म्हणणारं तोंड राहणार नाही."

"नको राहू दे. चाडं या घरातनं हलणार नाही. बापाची वस्तू आहे."

"माझा बी बाप होता तो."

भावाने खाटेवर पाठ फिरवली आणि संध्याकाळपर्यंत तो बहिणीच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. वहिनी मधे पडायला गेली तर तिच्यावर खेकसला. कावेरीला वाटलं, सण नासला. आता सासूने माघार घ्यावी.

तानूबाईने माघार घेतली नाही आणि भांडणही वाढवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून ती भावापुढे उभी राहिली.

"चाडं देऊ नको. पण माझ्यासंगं चल. एकदा डोळ्यांनी बघ, मग जे बोलायचं ते बोल. मी पुन्हा विषय काढणार नाही."

माहेरी आलेल्या बहिणीला सणाच्या दिवसांत नाही म्हणणं चिंधादादाला जमलं नाही. त्याच्या मुलाच्या मोटारीत बसून दोघं भावंडं आणि कावेरी निघाली.

संग्रहालयात शिरताना म्हातारा चपला काढायला वाकला. मास्तर म्हणाले, "असू द्या हो." त्याने ऐकलं नाही. पहिल्या खोलीतून तो कपाळाला आठ्या घालून गेला. दुसऱ्या खोलीत चौकटीपुढे थांबला.

"ही कुठली?"

मास्तरांनी गावाचं नाव सांगितलं.

"ती पाटलाच्या घराची," चिंधादादा म्हणाला. "याच चौकटीखालनं वाकून आत गेलो होतो मी. मामाच्या लग्नात." त्याने चौकटीवर हात ठेवला, तसा चटकन मागे घेतला. "हात लावलेला चालतो का?"

"तुम्हाला चालतो," मास्तर म्हणाले.

मग तो सावकाश सगळी खोली फिरला. तानूबाई त्याच्या मागेमागे न जाता चौकटीपाशीच थांबली, आणि तिला ओळखणाऱ्या कावेरीला त्याचंच नवल वाटलं. फेरी संपली तेव्हा म्हाताऱ्याने मास्तरांना सरळ विचारलं, "आमची वस्तू दिली, तर मृगाला पूजेला परत मिळेल?"

मास्तर अडचणीत आले. "बाबा, इथली वस्तू बाहेर जात नाही. एकाला दिली की सगळेच मागतील. रस्त्यात काही झालं, तर जबाबदारी कोणाची?"

"मग राहू द्या."

तो दाराकडे वळला. चपलेत एक पाय घातलाही. तेव्हा तानूबाई म्हणाली, "मास्तर, चाडं बाहेर जात नाही, ठीक आहे. पण पूजा आत येऊ शकते का नाही?"

मास्तरांनी खोलीकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं. "उदबत्ती नाही. लाकडाला तेल नाही. हळद-कुंकू पाटावर, चाड्याला नाही."

"आन ज्वारी?" चिंधादादाने दारातून विचारलं.

"मूठभर ठेवा. पण जाताना काढून न्यायची, नाहीतर उंदीर येतील."

म्हाताऱ्याने पाय चपलेतून बाहेर काढला.

चाडं त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः आणलं, धुवट धोतरात गुंडाळून. मास्तरांनी ते टेबलावर ठेवून निरखलं. तानूबाई अभिमानाने सांगू लागली, "आमच्या पणजाचं आहे बरं का. सागाचं. शंभर वर्षं वापरातलं."

मास्तर लाकूड पाहत म्हणाले, "साग वाटत नाही. शिसवी दिसतंय."

"शिसवीच आहे," चिंधादादा म्हणाला. "आन पणजाचं कुठलं? पणजाचं तडकलं होतं. गाव उठायच्या आदल्या साली बापाने सुताराकडनं नवं करून घेतलं. एकच पेरणी झाली त्याची मोहखेडीत."

इतकी वर्षं तिने खाणावळीत ज्याला-त्याला पणजाच्या चाड्याची गोष्ट सांगितली होती. मग तिला हसू फुटलं. हसता हसता ती खुर्चीत बसली.

"गाव बुडणार हे ठाऊक असून बापाने नवं चाडं केलं?"

"सगळे सांगत होते, बुडणार म्हणून. तो म्हणायचा, या साली तर पेरायचंय ना."

मास्तरांनी लिहायला घेतलेली पाटी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. त्यांनी विचारलं तसं दोघा भावंडांनी सांगितलं, आणि पाटीवर आलं: मोहखेडी. गावाच्या शेवटच्या पेरणीचं चाडं. तानूबाईने ती अक्षरं बोट न लावता, हवेतल्या हवेत वाचली. देवीच्या टाकाशेजारच्या फळीवर चाडं बसलं.

कावेरीने त्याचा फोटो काढला, खाली सासूचा नंबर लिहिला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठे कुठे गेला कोण जाणे. कोणाच्या जावयाने पाहिला, कोणाच्या सुरतच्या मेहुणीने पुढे पाठवला. मृगाच्या आधी तानूबाईला अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले. "तुम्ही मोहखेडीच्या का?" पलीकडून कापरा आवाज यायचा. भाकऱ्या थापता थापता ती फोन खांद्याशी धरून बोलायची, मृगाच्या पूजेचं आवतण द्यायची, आणि जेवणारी पोरं ताट पुढे करून वाट पाहायची.

पूजेच्या दिवशी खाणावळ बंद ठेवून, सुकदेवलाही रजा काढायला लावून ती निघाली. चिंधादादा आधीच पोचला होता. पाटावर हळद-कुंकू वाहून त्याने चाड्यात ज्वारी ठेवली. त्याच्यामागे दारात माणसं उभी होती, आणि त्यांच्यामागे आणखी. सुरतेहून आलेली, नवापूरकडची, एक म्हातारा तर लेकाच्या आधाराने बडोद्याहून आलेला. खोलीत मावेनात, तेव्हा मास्तरांनी वाचनालयाचा ओटा मोकळा करून दिला आणि सतरंज्या टाकल्या.

एक पांढऱ्या केसांची बाई तानूबाईच्या तोंडाकडे निरखून पाहत होती. "तू कोणाची गं?"

"खालच्या आळीच्या तुकारामची. तानी."

"चिंचेवरनं पडलेली तानी?"

"पडले नाही. तू ढकललं होतंस," तानूबाई म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

चहा आला. कोणीतरी विहिरीचा विषय काढला. एक म्हणाला विहीर देवळाच्या पुढे होती, बडोद्याचा म्हातारा म्हणाला छे, मागे. चिंधादादा सरसावून बसला आणि ठामपणे म्हणाला, दोघंही चुकताय. बघता बघता ओटाभर वाद पेटला. कोणी बोटाने सतरंजीवर वाट काढून दाखवत होतं, कोणी कपबश्या मांडून घरं. मास्तर खडू आणायला आत धावले. सुकदेव आईशेजारी बसून ऐकत होता. त्याने तिला हळूच विचारलं, "आई, विहीर नेमकी कुठं होती?"

"सांगते," तानूबाई म्हणाली आणि आवाज चढवून वादात शिरली.