पराटीच्या पलीकडे कोंबड्या न्यायच्या होत्या

कोंबड्या उचलून नेता येतात, हे मला गावातल्या चार जणांनी सांगितलं. जसं काही मला कळतच नव्हतं. सकाळी टोपल्यात घालून पडितात नेऊन सोडायच्या, त्यात काय अवघड आहे? अवघड आहे ते संध्याकाळचं. कोंबडी ज्या घरी निजते त्या घरी ती दिवस कलला की आपल्या पायांनी येते, तुमच्या टोपल्याची वाट पाहत नाही. आणि आमचं घर व आमचं पडीत यांच्या मधात चुलतभावाची पराटी उभी आहे. आमच्याकडे कपाशीला पराटीच म्हणतात. तिच्यावर औषध मारलं की किडे खाली पडतात, येता येता कोंबड्या ते टिपतात आणि घरी येऊन मान टाकतात. आम्ही त्याला औषधच म्हणतो. विष म्हणायची हिंमत कोणाची नाही, कारण सगळेच मारतात.

कोंबड्या माझ्या नव्हत्या, बायकोच्या होत्या. तिच्या माहेरच्या वाणाच्या. पोळ्याच्या आधी ती आंगणात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला नेऊन ते बसवलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं आहे, आता चालायचं यांनीच मनावर घ्यायला पाहिजे. तिने घेतलं नाही. ओसरीत खाटेवर पडून राहायची. पण आंगणात कोंबड्या आल्या की कोपरावर उठून त्यांना शिव्या द्यायची. "हे कायी मोठी चोट्टी हाये, कुठं अंडं घालून आली पाहा." तेवढंच तिचं उठणं होतं.

मग एकेक मरायला लागली. दर कोंबडीमागे तिचं बोलणं कमी झालं. तिची ती 'कायी', म्हणजे काळी कोंबडी, गेली त्या दिवशी तिने चहा घेतला नाही आणि तोंड भिंतीकडे केलं. मी खाटेजवळ बसलो होतो. मला समजलं, की उरलेल्या चार-पाच गेल्या तर ही आता उठत नाही. मग या घरात मी आणि ती खाट.

कोंडून ठेवल्या तर त्या दाण्याला तोंड लावीनात, एकमेकींची पिसं उपटू लागल्या. तेव्हा ठरवलं, घरापासून पडितापर्यंत धुऱ्यावरून एक बोगदा करायचा. आतून कोंबड्या जातील, आतूनच येतील, पराटीत चोच घालता येणार नाही. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. पडितात जायची वाट म्हणून वाटणीत तो अर्धा माझ्याकडे आला आहे. माझ्या अर्ध्यावर मी काय करतो ते चुलतभावाला विचारायचं कारण नव्हतं. वाटणी झाल्यापासून आमचं बोलणं नाही, आणि ते मी बंद केलेलं नाही, म्हणून सुरूही मी करणार नव्हतो.

शाळा माझी लवकर सुटली, पण कूड विणायला मला कोणी शिकवावं असा माणूस या गावात नाही. मागच्या सालच्या वाळक्या पराट्या जळणासाठी रचून ठेवल्या होत्या, त्या काढल्या. बांबूच्या कमच्या वाकवून रोवल्या, त्यात पराट्या विणल्या, वरून शेण-मातीचा गिलावा केला. भिंत करतात तसा, बोटभर जाड. मुंगूस शिरू नये, औषधाची वाफ शिरू नये. गुडघे सुजले, तरी रोज थोडं थोडं पुढे नेलं.

रस्त्याने जाणारा एक जण सायकल थांबवून म्हणाला, "काय बाबाजी, कोंबड्यायसाठी हायवे बांधून राह्यले का?"

"हो. टोलनाक्यावर तुले बसवतो," मी म्हणालो.

"पगार काय देसान?"

"अंडं. तेही कोंबडीच्या मर्जीनं."

बोगदा झाला त्या सकाळी मी तोंडाशी ज्वारी टाकली. कोंबड्या आत गेल्या. मी पडितातल्या तोंडाशी जाऊन बसलो. उन्हं वर आली, एकही बाहेर येईना. जमिनीवर आडवा पडून आत पाहिलं, तर मधोमध सगळ्या पिसं फुगवून, डोकी आत घालून बसलेल्या.

घरी आलो तर बायकोने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "कोंबड्या कुठं हायेत?"

"बोगद्यात."

"काय करून राह्यल्या?"

"निजल्या."

तेव्हा ती वळली. किती दिवसांनी वळली असेल. "भर दिवसा? अवो, अंधार दिसला की कोंबडी बसते. तुम्ही त्यायले रस्ता नाई, घर बांधून देल्लं. भीत लिपली आन् तिले खिडकी नाई ठेवली."

ज्या गिलाव्याचा मला अभिमान होता त्यालाच मी विळ्याने भोकं पाडत गेलो. हातभर अंतरावर एक, दोन्ही बाजूंनी. उजेड आत पडला तशा कोंबड्या तुरुतुरु पलीकडे गेल्या. पडितात वारूळ उकरून उधई खाल्ली आणि संध्याकाळी त्याच वाटेने घरी आल्या. बायको कोपरावर उठली. एकीला तिने चोट्टी म्हटलं. मी चुलीमागे जाऊन तोंड धुतलं.

पण उजेड येतो तिथून सगळंच येतं, हे मला त्या भोकांकडे पाहून रोज वाटायचं. बंद ठेवू तर कोंबड्या बसतात, उघडं ठेवू तर औषध आत. रात्रंदिवस डोक्यात तेच.

एका सकाळी कोंबड्या पडितात होत्या आणि पराटीत फवारणीच्या पंपाचं इंजिन सुरू झालं. त्या आवाजाने त्या बिचकल्या आणि घराकडे पळाल्या, म्हणजे बोगद्यात. मधात येऊन अडकल्या, कारण आवाज दोन्हीकडून ऐकू येत होता. वारा धुऱ्याकडेच होता. मी खाटेवरची गोधडी ओढली, रांजणात बुडवली आणि पळालो. पळालो म्हणजे जेवढं पळता येतं तेवढं. गोधडी कोंबड्यांजवळच्या भोकांवर टाकली, पण ती पुरेना. उरलेल्या भोकांना पाठ लावून बसलो. फवारा पाठीवर, मानेवर आला. डोळे चुरचुरले, घशात कडू उतरलं.

इंजिन थांबलं. चुलतभाऊ पराटीतून आला, तोंडाला फडकं बांधलेलं. "दादा, उठा तिथून. मराचं हाये का?"

"तू मार. थांबू नको."

"उठा म्हणतो ना."

"मी कोनाले काई मागून नाई राह्यलो."

"मी देऊनई नाई राह्यलो." त्याने फडकं खाली ओढलं. "धुऱ्याजवळच्या ओळी सोडतो. तुमी खोकलून राह्यले तं माहा हात चालत नाई."

तो गेला. इंजिन धुऱ्यापासून लांब जाईपर्यंत मी तिथेच खोकत बसलो.

संध्याकाळपर्यंत एक कोंबडी गेली, बाकीच्या राहिल्या. बायकोला मी सांगितलं नाही. ती म्हणाली, "मले उचला. मले कोंबड्या पाहू द्या." मी तिच्या काखेत हात घातले, पण अंगात बळ नव्हतं, खोकला थांबत नव्हता. तिने एक पाय जमिनीला टेकवला, ओरडली, पुन्हा वर घेतला. आम्ही दोघं खाटेच्या काठावर तसेच बसलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि हाताला लागलेला वास घेऊन पाहत होती.

चार-आठ दिवसांनी पुन्हा इंजिनाचा आवाज आला. या वेळी धुऱ्याच्या दुसऱ्या बाजूच्या वावरातून. ते वावर उमरखेडकडच्या एका माणसाने ठेक्याने घेतलं आहे. मी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. कोंबड्या पडितात होत्या. गोधडी दोरीवर वाळत होती, तिचा वास अजून गेला नव्हता.

"अवो, कुठं चालले?" बायकोने विचारलं.

"त्या माणसाले सांगाले."

"तुमी? काय सांगता त्याले?"

ते मला ठाऊक नव्हतं. मी चपला घातल्या आणि आवाजाच्या दिशेने निघालो.