दिरांनी आणलेला मोडेम

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं, तेव्हाची गोष्ट. मोठ्या दिरांवरचा माझा राग तेव्हापासूनचा आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नवरा बोटीवर होता, घर सोडून नऊ महिने झालेले. बंदर लागलं की फोन करायचा, एरवी बोटीवर फक्त मेल पोचायचा. घरात जुना कम्प्युटर होता, मोडेम तेवढा हवा होता. पालीहून रत्नागिरीला जाऊन मी चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुमचं मशीन म्हातारं झालंय. आत बसवायचं स्वस्त कार्ड घेऊ नका, ते सगळं काम मशीनच्याच गळ्यात घालतं. हा बाहेरचा डबा घ्या. थोडा महाग आहे, पण आपलं काम आपण करतो."

मी घेणारच होते. पण आमच्या घरात पिकतं तिथे विकत नाही. सुईपासून मिक्सरपर्यंत सगळं मुंबईहून यायला हवं. "तिथला दुकानदार लुटेल. गणपतीला येताना मी आणतो," दिरांनी फोनवर फर्मावलं. सासूबाईंनी मान डोलावली आणि विषय संपला.

आणलंन ते अर्थात स्वस्त कार्डच. दुकानदाराचं म्हणणं मी सांगितलं, तर म्हणाले, "तो विकायला बसलाय गो, त्यास काय जातंय बोलायला!" तासभर झटून त्यांनी एक मेल पाठवून दाखवला. "खिडकी मिटली की पत्र गेलं," एवढी विद्या मला देऊन विसर्जनानंतर मुंबई गाठली.

पुढच्याच आठवड्यात बंदरातून नवऱ्याचा फोन. कंपनी आणखी पाच महिने थांब म्हणत होती. "शुक्रवारपर्यंत मेल कर. नाही आला, तर तुझी हरकत नाही असं धरीन." मुलगी अडीच वर्षांची, बापाला फोटोतच ओळखणारी. कसला विचार करायचा! त्याच दुपारी लिहिलं, "पैसे नकोत, तू ये." बटण दाबलं, खिडकी मिटली. मुलीला कडेवर घेऊन मी घरभर नाचले.

सोमवारपर्यंत उत्तर नाही, तेव्हा दुकानदाराला घरी बोलावलं. त्याने दाखवलं, पत्र मशीनमध्येच पडून होतं. खिडकी मिटली म्हणजे ते नुसतं रांगेत लागलं होतं. मशीन त्या कार्डाने दमायचं, पत्र निघायच्या आत लाइन तुटायची. मी देवाधर्माच्या घरात न शोभणारे शब्द बोलले.

दोन आठवड्यांनी फोन आला. नवऱ्याने सही करून टाकली होती. मी रडत रडत सगळं सांगितलं, दिरांचं नाव घेऊन सांगितलं.

"असू दे गो. दादास बोल लावू नकोस. एवढ्या लांबून आणून दिलान."

मी फोन ठेवला. सासूबाई दारात उभ्या होत्या. "काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "भावाची बाजू घ्यायला फोन केला होता."