लाउंजमध्ये न बसणारे काका

खुर्ची हा माणसाने लावलेला सर्वांत निरुपयोगी शोध आहे अशी मनापासून खात्री असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो सिल्वासाच्या आमली भागात, आमच्या सोसायटीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायचा. राहायचा म्हणजे चालायचा. सकाळी माझ्या छतावरून त्यांच्या चपलांचा आवाज स्वयंपाकघराकडून गॅलरीकडे गेला की वरच्या काकांचा चहा झाला असं समजायचं, आणि लगेच गॅलरीकडून स्वयंपाकघराकडे परत आला की काकूंनी साखर जास्त टाकली असं. त्यांच्या घरातल्या सोफ्याचं प्लास्टिक कितीतरी वर्षं निघालेलं नव्हतं, कारण त्यावर बसायला काका घरात नसायचे आणि असले तर उभे असायचे. जेवण ओट्याशी उभ्याने. पेपर दाराशी उभ्याने, आणि तोही एक पान वाचून दुसऱ्या पानासाठी दुसऱ्या खोलीत. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांमध्ये सामील होत, आणि एकदा तर ज्यांच्याकडचं आमंत्रण होतं ते लग्न शेजारच्या हॉलमध्ये आहे हे जिलबीची दुसरी फेरी वाढून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं होतं.

हा दोष त्यांचा नव्हता, जवळच्या सायली गावातल्या कारखान्याचा होता, असं काकू म्हणत. काका मूळचे धुळ्याकडचे, काकूंचं माहेरही तिकडचंच. काका तरुणपणी इथे आले आणि पॉलिस्टर धाग्याच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळू लागले. तिथे लांबच लांब मशीनवर धागा गुंडाळला जात असतो आणि कुठे ना कुठे सतत तुटत असतो. तुटला की धावत जाऊन जोडायचा. "जो बसला, त्याच्या पाठीमागे धागा तुटला," हे काकांचं आयुष्याबद्दलचं एकमेव मत होतं आणि ते त्यांनी देवळातल्या आरतीपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळीकडे लागू केलं होतं. डॉक्टरांनी शेवटी त्यांचा दात ते खिडकीशी उभे असताना काढला म्हणतात. मला हे खरं वाटत नाही, पण काकूंना वाटतं.

बाबांची नोकरी संपल्यावर आई-बाबा नाशिकला परत गेले आणि मी इथल्याच एका ऑफिसात हिशेब बघत मागे राहिले. गावाला जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देतात तसं बाबांनी मला काका-काकूंकडे देऊन टाकलं. मी फारशी बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, दुकानात गुजराती, ऑफिसात हिंदी, असं करत करत मला चार भाषांमध्ये गप्प राहता यायला लागलं होतं. काकांची याला काहीच हरकत नव्हती. त्यांना उत्तर ऐकायला थांबावं लागत नाही अशी श्रोती आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

अशा माणसाची सर्वांत आवडती जागा लाउंज असावी याचं मला सुरुवातीला फार आश्चर्य वाटलं. खानवेल रस्त्यावरच्या वॉटर पार्कमध्ये वरच्या मजल्यावर एक लाउंज आहे. खाली लाटांचा तलाव, घसरगुंड्या, मान हलवणारा प्लास्टिकचा डायनोसॉर आणि भिजलेल्या मुलांचा आरडाओरडा. वर मंद दिवे, खोल खोल सोफे आणि छोट्या छोट्या बशांमधून येणारं खाणं. लाउंजला जायचं तर पार्कचं तिकीट काढावंच लागतं, आणि तिकीट काढलं तर ते वसूल व्हायलाच हवं, म्हणून काका दर वेळी एका तरी राइडमध्ये बसायचा प्रयत्न करत. एकदा ते लहान मुलांच्या झुकझुक गाडीत बसले, पहिल्याच वळणावर तिच्या वेगाला कंटाळून चालत्या गाडीतून उतरले, आणि उरलेली फेरी तिच्याबरोबर पायी चालत, मुलांना हात दाखवत पूर्ण केली. गाडीच्या आधी ते स्टेशनवर पोचले होते.

लाउंजमध्ये त्यांना ओढून आणत त्या छोट्या बशा. काकांचं म्हणणं, थाळी हा माणसाला एका जागी बांधून ठेवायचा डाव आहे. बशीचं तसं नाही. हराभरा कबाब खावा, उठावं, मसाला पापड येईपर्यंत खिडकीशी जाऊन डायनोसॉर बघावा, परत यावं, कुरकुरीत भेंडीचे चार तुकडे तोंडात टाकावेत आणि टेबल बदलावं. टेबल ते हमखास बदलत. एसीचा वारा, स्पीकरचा आवाज, "इथून दार दिसत नाही", "इथून फक्त दारच दिसतं", काहीही कारण चाले. वेटर बिचारे हातात पनीर चिली घेऊन "साहब, अब कहाँ?" असं विचारत फिरत. जाता-येता काका अनोळखी टेबलांशीही थांबत. "कैसा है वो?" एवढं एकच वाक्य ते अशा आस्थेने विचारत की समोरचा माणूस काटा पुसून पुढे करी. वापीच्या एका कुटुंबाने तर त्यांना चीज कॉर्नची अर्धी बशी देऊन टाकली, आणि काकांनी बदल्यात आमचा पापड नेऊन दिला. मी तेव्हा मेन्यूकार्डाच्या मागे चेहरा लपवून बसले होते. काकू मात्र शांत. "त्यात काय लाज? रोजचंच आहे," म्हणाल्या आणि लिंबू सरबत ढवळत राहिल्या.

काकांनी आयुष्यात दारू घेतलेली नव्हती. आमच्याकडे ही गोष्ट सांगण्यासारखी असते, कारण हद्दीपलीकडे गुजरातेत दारूबंदी आहे आणि आमच्याकडे नाही. त्यामुळे पलीकडच्या नातेवाइकांना आमची आठवण महिन्यातून एकदा तरी अनावर होते. काकूंचे भाऊ, ज्यांना मीही मामाच म्हणायचे, सुरतेहून असेच यायचे, लाउंजमध्ये दोन पेग घ्यायचे, रात्री काकांकडे झोपायचे आणि सकाळी कोरड्या तोंडाने परत जायचे. त्यांना एकट्याने पिताना वाईट वाटू नये म्हणून काका तशाच ग्लासात कोला आणि सोडा अर्धा-अर्धा घेत, बर्फाचा एक खडा टाकून. "एकटा पितो तो दारुडा दिसतो, पोरी. समोर दुसरा ग्लास असला म्हणजे पाहुणचार," असं त्यांनी मला समजावलं होतं. मामांना हे सोंग ठाऊक होतं. तरी ते दर वेळी गंभीरपणे ग्लासाला ग्लास लावत.

माझ्या निरोपाची पार्टी काकांनी तिथेच ठरवली. पुण्यात मला नवी नोकरी मिळाली होती, सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं आणि रविवारी संध्याकाळी वापीहून रेल्वेगाडी होती. दुपारी लाउंज, तिथून काका मला गाडीने थेट स्टेशनवर सोडणार. माझी बॅग गाडीत ठेवली होती. काकू होत्या, आणि सुट्टी साधून मामाही आले होते.

त्या दिवशी काका नेहमीपेक्षा जास्त अस्वस्थ होते. बशी आली की दुसरी मागवत, घड्याळ बघत, खाली जाऊन गाडी जागेवर आहे ना ते बघून येत.

"दाजी, गाडीला पाय फुटले नाहीत, तुम्हालाच फुटले. बसा ना!" मामा म्हणाले.

"बसून काय होणार? तिकडे वापीच्या रेल्वे फाटकाशी गर्दी झाली तर?"

"अहो, पोरगी चालली. दोन घास बसून खा तिच्यासोबत," काकू म्हणाल्या.

काका खरंच बसले. क्षणभरच. मग त्यांना वाटलं, कोपऱ्यातलं टेबल रिकामं झालंय, तिथे पोरीला खिडकी मिळेल. बशा वेटरने उचलल्या, ग्लास काकांनी. नव्या टेबलाशी उभ्या उभ्याच त्यांनी हातातला ग्लास तोंडाला लावला आणि सवयीप्रमाणे एका दमात निम्मा रिकामा केला.

मग ते हलायचे थांबले.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

मामांनी आपल्यासमोरच्या ग्लासातला घोट घेतला आणि त्यांचा चेहरा कडू झाला. "हावं ना! दाजी, हे तुमचं शे! आणि इतकी वर्षं तुम्ही हे पिताय? माझ्यासाठी?"

आम्ही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी ग्लास टेबलाच्या अगदी मधोमध ठेवला, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "मग पोरीला कोण सोडणार?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. पिऊन गाडी चालवणं हा एक गुन्हा, आणि पोटात दारू घेऊन वापीला जाणं हा दुसरा, कारण वापी गुजरातेत. मामा तर दोन्ही दृष्टींनी बाद. काकूंनी स्कूटीच्या पलीकडे काही चालवलं नव्हतं. मामांनी टॅक्सीला फोन लावले. एक सुरतेला गेली होती, दुसरीचा ड्रायव्हर गुजरातेत जायला तयार नव्हता. ही गाडी चुकली की सोमवारची सकाळ चुकणार होती, आणि नोकरी देणाऱ्या बाईंनी मला फोनवर "वेळेवर याल ना?" असं दोनदा विचारलेलं होतं.

"हिला येते गाडी," काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या.

येत होती, म्हणजे लायसन्स होतं. काकांनीच शिकवलं होतं, रविवारी सायलीच्या रिकाम्या रस्त्यांवर. फक्त शिकवताना त्यांना गाडीत बसवेना, म्हणून ते खिडकीवर हात ठेवून बाजूने चालत. त्यामुळे मला गाडी उत्तम येत होती, पण काकांच्या चालीने. वाहत्या रस्त्यावर मी ती कधी नेलीच नव्हती. मला नको म्हणायचं होतं. पण काका किल्ली पुढे करून उभे होते.

मी किल्ली घेतली. खानवेल रस्ता संपेपर्यंत काकांनी माझ्या शेजारी बसून दोन्ही पायांनी नसलेले ब्रेक दाबले. मामांना आमलीत घरी उतरवलं. काकांचं चालूच, "पोरी, बस आहे पुढे. बस गेली. आता ट्रक. ट्रकला जाऊ दे, त्याचं घर लांब असतं." पिपरिया आलं. त्याच्यापुढे गुजरात.

"थांबव," काका म्हणाले.

ते उतरले. काकूंना पुढच्या सीटवर बसवलं.

"काका, रविवार आहे. कोण बघतंय? चला ना," मी म्हणाले. मी कुणाला आग्रह केल्याचं मला तरी हे पहिलंच आठवतं.

"कोणी बघतंय म्हणून नाही, पोरी. पुढच्या दारू तपासायच्या चौकीवर इतकी वर्षं मी हसत हसत तोंड उघडून दाखवलंय. आज कुणी उघडायला सांगितलं, तर?"

मग ते गाडीभोवती फिरले. टायरला पाय लावून बघितला, आरसा पुसला, परत माझ्या खिडकीशी आले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. "जा, जा," ते म्हणाले. "येते काका," एवढंच मला म्हणता आलं. काही अंतर ते सवयीने खिडकीवर हात ठेवून बाजूने चालले. मग माझी गाडी त्यांच्या चालीच्या पुढे गेली.

आम्ही पोचलो. कशा, ते काकूंना विचारू नये, त्यांचे डोळे मिटलेले होते. गाडी स्टेशनबाहेर लावली, काका दुसऱ्या दिवशी येऊन नेणार होते. काकूंनी मला जवळ घेतलं आणि त्या परतीच्या रिक्षाकडे गेल्या. प्लॅटफॉर्मवर येऊन मी काकांना फोन केला. काका फोनची सुरुवातच "हां, ठेव" अशी करतात.

"पोहोचलो, काका. काकू निघाल्या."

ते ठेव म्हणाले नाहीत. त्यांच्या बाजूने ट्रकांचे आवाज येत होते; म्हणजे ते अजून पिपरियालाच उभे होते.

"घरी गेला नाहीत?"

"जाईन. तुझी काकू येऊ दे. पोरी, बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"रस्त्याचं सांग. मी नव्हतो ना."

मग मी सांगायला लागले. लवाछा गावाशी समोरून ट्रॅक्टर कसा आला, चौकीवरच्या पोलिसाने नुसता हात कसा हलवला, मी गियर कुठे बदलला आणि काकू काय ओरडल्या, आडवी आलेली म्हैस किती सावकाश गेली. एवढं सलग मी कुणाशीच कधी बोलले नव्हते. काकांनी मधे एकदाही तोडलं नाही. गाडी प्लॅटफॉर्मला लागली तेव्हा सांगता सांगता मी अजून अर्ध्या वाटेवरच्या दादऱ्यातच होते.