ताटावरून उठलेले मामाजी

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सणाला माझ्या माहेरी, अमरावतीला, पंगत बसली होती. पहिल्या पाटावर माझे सासरे, म्हणजे मामाजी, शेजारी माझे बाबा. पुरणपोळीवर तूप वाढून झालं, सगळ्यांनी दोन-तीन घास घेतले आणि मामाजी एकदम उठले. उष्ट्या हातानं, कोणाकडे न बघता बाहेर गेले. परत आले ते पाटावर बसलेच नाहीत. जोडे घातले आणि मला म्हणाले, "चाल सूनबाई, गाडीची वेळ झाली." गाडीला अजून बराच वेळ होता.

व्याही भरल्या ताटावरून उठला तर त्याहून मोठा अपमान नाही. आईच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. बाबा उघड्या डोक्यानं फाटकापर्यंत मागे आले, पण मामाजींनी वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून माझं माहेर बंद झालं. मला भाऊ नाही, म्हणून न्यायला मुराळी येत नसे. लग्नातच मामाजी म्हणाले होते, "मुराळी नाही तं काय झालं, मी हाये ना. पोरीले मी आनत-नेत जाईन." आणि दरवर्षी ते नेत. बाळापूरपर्यंत बैलगाडी, तिथून अकोल्याला मोटार, मग आगगाडीनं बडनेरा, तिथून अमरावती. आता दिवाळी गेली, दुसरी अखाजी आली नि गेली, मामाजी नाव काढेनात. मी विचारू कशी? सासऱ्यासमोर तोंड उघडायची आमच्यात पद्धत नव्हती. आमच्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, विचारलं तर ते म्हणाले, "आमच्या बाबांचा रुसवा मले का समजते?"

वऱ्हाड महाराष्ट्रात गेलं त्याला तेव्हा एक-दोन वर्षं झाली असतील. आमचं गाव खाऱ्या पाण्याचं. डाळ शिजायची नाही, केस धुतले तर चिकट व्हायचे. मी पाण्याचा घोट घेतला की मला माहेरची विहीर आठवायची. त्या पाण्याला गोडी होती. आई पहाटे तोंडावर पाणी मारायची त्याचा आवाज आठवायचा. अंगणात वाळत घातलेल्या सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास कधी कधी इथे स्वयंपाक करताना यायचा आणि मी हातातलं काम ठेवून दाराशी जाऊन उभी राहायची. दारात वासही नसायचा नि कोणी माणूसही नसायचं.

मामाजींचं वागणं बदललं होतं. लग्नाला जाईनात, बाजाराला जाईनात. भजनाला बसले तर मधूनच उठून घरी येत. पाण्याचा तांब्या भरून ठेवावा तर संध्याकाळी तो तसाच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई म्हणायच्या, "खारं पानी नाही जात त्याईच्या घशाखाली. म्हातारपन हाये." मी मात्र समजून होते की हे सगळं माझ्या माहेरावरच्या रागामुळं आहे.

तिसऱ्या वर्षी कपाशी वेचून झाल्यावर बाबाच आले. सोबत नवा रेशीमकाठी फेटा आणला होता, मामाजींचा रुसवा काढायला. मला पाहून नुसते हसले. फार वाळले होते. ओसरीवर दोघं समोरासमोर बसले. मी आतून पाणी ठेवलं. दोघांपैकी कोणीही प्यायलं नाही.

"इवाई," बाबा व्याह्यांना म्हणाले, "काही चुकलं असन तं जोडा मारा, पन पोरीले धाडा. तिची माय झुरून राह्यली."

"काहीच नाही चुकलं."

"मंग भरल्या ताटावरून काहून उठले तुमी?"

मामाजी फेट्याच्या काठावर बोट फिरवत राहिले. मग उठले. "बैल पाहून येतो जरा."

थोड्या वेळानं बाबाही उठले. "मी बी पाहतो तुमचे बैल."

आत्याबाई सूप थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. "बैल तं वावरात गेले हायेत. हे दोघं काय पाहून राह्यले व?"

मी शेण घेऊन गोठ्याच्या भिंतीशी गोवऱ्या थापायला गेले. खरं सांगायचं तर भांडण होईल या भीतीनं गेले. भिंतीच्या पलीकडून आवाज येत होता.

"तुमचं होऊ द्या इवाई. मी थांबतो."

"होत असतं तं इतका वेळ उभा राह्यलो असतो का?"

मग बाबांचा आवाज, हळू. "तुमाले बी?"

"म्हंजे? तुमाले?"

"मले चार वर्सं झाले. उभं राहा राहा अन् चार थेंब. घरात येऊन टेकलो का पुन्हा चाल बाहेर."

"अरे बाप्पा! मले वाटे मले एकट्यालेच हाये." मामाजी थांबले. "त्या दिवशी पंगतीत अजून एक घास घेतला असता तं पाटावरच धोतर भिजलं असतं. भिजलंच थोडं. म्हनून परत नाही बसलो."

"अन् मी तुमच्या इहिनीले दोन वर्सं बोल लावून राह्यलो का तूप कमी वाढलं म्हनून!"

"कोनाले दाखवलं का?"

"कोनाले दाखवता? लोकं म्हनतीन परमा झाला म्हाताऱ्याले."

परमा म्हणजे बाहेरख्याली माणसाला लागणारा रोग. यावर मामाजी मोठ्यानं हसले. "आपल्याले? या वयात कोनती बाई दारात उभं करन आपल्याले?"

बाबाही हसले. माझे बाबा असे हसलेले मी लहानपणी ऐकले होते. माझे हात शेणात तसेच राहिले. कानापर्यंत लाज चढली होती, पण आतून सुटल्यासारखं वाटत होतं. कोणी कोणावर रागावलेलं नव्हतं. दोन वर्षं मी ज्याला रुसवा समजत होते ते दुखणं होतं.

दवाखान्यात जायचं दोघांनी तिथेच ठरवलं. एकेकटा कोणीच गेला नसता. मामाजी म्हणाले, "सूनबाईले माहेरी घेऊन जातो म्हनून सांगू. कोनाले काय समजते?" आणि अशी माझी माहेरी जायची वाट मोकळी झाली. आत्याबाईंनी माझ्या ओटीत तांदूळ घातले. फेटा बांधून मामाजी गाडीत बसले तेव्हा गावातले लोक म्हणाले, रुसवा गेला बरं.

आगगाडीत दोघं दाराजवळच बसले. एक उठला की दुसरा त्याची जागा धरून ठेवायचा. मी खिडकीशी तोंड करून बसले होते, जणू मला काहीच माहीत नाही. काळी शेतं मागे जात होती. किती दिवसांनी जात होते, तरी मनासारखा आनंद होत नव्हता. बाबा बसताना कंबरेला हात लावत होते, ते मी बघत होते.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांना आत नेऊन तपासलं. मी नि आई व्हरांड्यात होतो. नंतर आमच्या घरच्यांना बोलावून घेतलं तेव्हा त्यांनी डॉक्टरांशी बोलून मला समजावून सांगितलं. लघवीच्या पिशवीखाली पुरुषांना एक गाठ असतेच, प्रत्येकाला. वय झालं की ती बहुतेकांची वाढते आणि वाट अडवते. त्यात परमाचा काही संबंध नाही. त्या गाठीला प्रोस्टेट म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मामाजींची नुसती वाढली होती. बाबांची दगडासारखी कडक लागली, ती कॅन्सरची होती. डॉक्टर त्यांना एवढंच म्हणाले, "बाबा, जरा आधी यायचं."

मामाजींचं ऑपरेशन झालं. मी रोज आईच्या हातचा डबा घेऊन जाई. खाटेखाली नळीची बाटली असे. मी दिसले की ते बाटलीवर उपरणं टाकत. एक दिवस टाकलं नाही. म्हणाले, "लाल होतं, आता पांढरं येऊन राह्यलं. सांग तुझ्या बाबाले." सासरा सुनेशी असं काही बोलतो हे मी कुठे ऐकलंही नव्हतं. मी मान हलवली.

ते बरे झाले. तांब्याभर पाणी एका वेळी पिऊ लागले, खारं असलं तरी.

बाबा बरे झाले नाहीत. औषधं चालू होती, पण दुखणं हाडात उतरलं होतं. पुढची कपाशी फुटायच्या आत गेले.

तेव्हा मामाजीच मला घेऊन गेले. घराच्या बैठकीत माणसं भेटायला येत होती. आई नि मी आतल्या दाराशी बसलो होतो. जो येई तो म्हणे, पोटाच्या दुखण्यानं गेले, मोठं वाईट झालं. दोन-तीनदा असं ऐकल्यावर मामाजी म्हणाले, "पोटाच्या नाही."

मग त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"लघवीच्या जागेच्या गाठीनं गेले. चार वर्सं त्याईनं सांगितलं नाही. मले बी होतं, मी बी सांगितलं नाही. मी पंगतीतून उठून पळालो, पन सांगितलं नाही. ज्याले कोनाले असन त्यानं उद्या दवाखान्यात जावं. मानसानं लाजेनं मरू नये."

आईनं पदर तोंडाशी धरला. बाहेर कोणीतरी खाकरलं. एक जण उठून निघून गेला. बाकीचे चटईकडे बघत राहिले. मला वाटलं, हेच शब्द याच बैठकीत चार वर्षं आधी कोणी बोललं असतं, कोणीही, वाटेनं जाणारा एखादा माणूस, तर बाबा आज इथे बसले असते. मामाजींच्या बोलण्याला त्यांनी काहीतरी थट्टेचं उत्तर दिलं असतं. ते उत्तर काय असतं याचा मी अजूनही विचार करते, पण मला ते सुचत नाही.

माणसं पांगल्यावर मामाजी अंगणात गेले. आमच्या गल्लीतले एक म्हातारे शिंपी मागे रेंगाळले होते, तेही हळूच त्यांच्या मागे गेले. दोघं विहिरीजवळ उभे राहून खालच्या आवाजात बोलू लागले. शिंपीकाका पाठमोरे होते. खांदे बाबांसारखेच वाकलेले, मान तशीच एका बाजूला, डोक्याला तसंच पांढरं उपरणं. मी दाराच्या फटीतून बघत राहिले. बोलणं संपून ते वळणार असं दिसलं, तेव्हा मी आत निघून आले.