धुतलेलं कोकरू

दुपारचं जेवण झालंय आणि मी मेंढ्यांच्या दगडी शेडमध्ये लोकरीच्या गठ्ठ्याला पाठ टेकून बसलेय. झोपायचं नाही असं ठरवून बसलेय, म्हणजे झोप येणारच. मांडीवर कोकरू थरथरतंय. समोर त्याची आई आमच्याकडे पाठ करून गवत खातेय.

हा सगळा माझा पराक्रम. लेकीच्या बाळंतपणासाठी मी सांगोल्याहून टास्मानियाला आले, ऑस्ट्रेलियाच्या पार खालच्या बेटावर. जावई निरंजन इथे मेंढ्यांच्या फार्मवर नोकरीला. रोज नातीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, हाताला तीच सवय. आज सकाळी हे कोकरू जन्मलं. चिकट, मळलेलं, थंडीनं काकडलेलं. मला राहवेना. उचललं, नातीच्या साबणानं कढत पाण्यात स्वच्छ न्हाऊ घातलं, वर ओव्याची धुरी दिली. असं घमघमायला लागलं म्हणून सांगू! आईकडे सोडलं तर तिनं एकदा हुंगलं आणि दिली ढुशी.

निरंजननं कपाळाला हात लावला. "अहो आई, मेंढीला वासावरूनच लेकरू कळतं! बाटलीला हे तोंड लावत नाही. संध्याकाळपर्यंत तिनं पाजलं नाही तर कठीण आहे."

तेव्हापासून मी इथेच आहे. डोळे जड होतात. कोणीतरी खुदकन हसतं.

भिंतीपाशी एक म्हातारा उकिडवा बसलाय. अंगात मळकी पिवळी बंडी. "कोकराला न्हाऊ घातलंत?" तो म्हणतो. "सगळी हयात मेंढरांत गेली माझी, पण हे काही बघितलं नव्हतं!"

"दात काढायला काय झालं? कोण तुम्ही?"

"एमॉस." तो वर तुळईकडे बोट दाखवतो. तिथे कोरलेलं हे नाव निरंजननं मला आल्या आल्याच दाखवलं होतं. इंग्लंडातून काळ्या पाण्यावर पाठवलेला मेंढीचोर. ही शेड त्यानंच बांधली. मेला त्याला शंभरावर वर्षं झाली. पण बोलतो अगदी आमच्या सांगोल्याकडचं, आणि मला त्याचं काही नवल वाटत नाही.

"मेंढी चोरलीत म्हणे."

"चोरली. जमीनदाराची. बायको बाळंतीण, घरात दाणा नाही, तिचं दूध आटलेलं."

"मग बरोबरच केलंत," मी म्हणते. ओल्या बाळंतिणीला उपाशी ठेवणाऱ्या कायद्याचं कौतुक मला कुणी सांगू नये.

शेडचं दार उघडतं तर बाहेर समुद्र. आम्ही जहाजाच्या फळ्यांवर बसलोय. कोकरू मांडीवरच आहे. एमॉसच्या पायांत बेड्या आहेत.

"चढवायच्या आधी मलाही धुतलं," तो म्हणतो. "डोकं भादरलं, अंग घासलं, कपडे काढून घेतले. घरचा वास म्हणून काही ठेवला नाही. बायको लेकीला घेऊन बंदरावर आली होती. लेक माझ्याकडे येईना. भोकाड पसरलं तिनं."

मी कोकराला आणखी जवळ घेते. खाली बघते तर फळ्या नाहीत, सांगोल्याच्या आमच्या न्हाणीतला काळा दगड आहे आणि त्यावरून साबणाचं पाणी वाहतंय.

"रडताय कशाला, बाई? तुमच्या कोकराची आई चार हातांवर उभी आहे."

"पण वास गेला ना हो त्याचा! मीच घालवला!"

"वास परत येतो. मीठ घ्या. ओल्या पाठीवर चोळा, शेपटीपाशी जास्त. मेंढी मिठाला वेडी. मिठासाठी चाटेल आणि चाटता चाटता तिचाच वास लागेल. एकदा चाटलं की आपलं."

"तुम्हाला कुणी चाटलं हो इथे?" मी विचारते. चावट प्रश्न, पण माझी जीभ मेली अशीच आहे.

एमॉस चक्क लाजतो. "तिकडची बायको गेल्याचा निरोप आला, त्यानंतर भेटली एक. चीज चोरलं म्हणून आलेली. तिनं काही न विचारता जेवायला वाढलं. पोरंबाळं झाली."

"आणि ती बंदरावरची लेक?"

त्याचा चेहरा असा उजळतो की मीही हसते. "जगली! त्या मटणाचा रस्सा पिऊन आईला दूध आलं होतं ना! त्याच निरोपात कळलं. मेंढी वाया गेली नाही, बाई. हात करा पुढे."

मी हात पुढे करते.

कोकरू बारीकसं ओरडतं आणि मला जाग येते. दारातून ऊन आत आलंय. भिंतीपाशी कोणी नाही. माझी उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली. उघडते तर खडेमीठ! जाडं, करड्या रंगाचं. आमच्या लेकीकडे बारीक मिठाचा डबा, तोही तिकडे घरात.

विचार करत बसायला मी काही वेडी नाही. कोकराची पाठ ओली करते, मीठ चोळते, शेपटीपाशी जास्त, आणि त्याला पुढे ढकलते. मेंढी हुंगते. तोंड फिरवते. मग ती पुन्हा वळते आणि जीभ लावते. एकदा, दोनदा, मग थांबतच नाही. चाटता चाटता घशातून हळू आवाज काढायला लागते. कोकरू धडपडत तिच्या पोटाखाली शिरतं आणि त्याची शेपटी भिरभिरायला लागते.

हाताला चिकटलेला एक खडा मी जिभेवर ठेवते आणि तुळईकडे बघते.

"अहो एमॉस," मी मोठ्यानं सांगते, "हेही जगलं हो!"